झाड जेवतं तरी काय?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रविवारची सकाळ होती. शेजारच्या काकू हातात कुंडी घेऊन दारात उभ्या. कुंडीत मोगरा होता. होता असंच म्हणायचं, कारण पानं करपून तपकिरी झाली होती आणि फांद्या बोट लावताच मोडत होत्या.

"सर, तुम्ही कॉलेजात झाडं शिकवता ना? मग सांगा, हा का मेला?" काकूंच्या आवाजात दुःख होतं, थोडा रागही होता. "वर्षभर एक फूल धरलं नाही. फांद्या नुसत्या लांबट, लुकड्या. म्हटलं, उपाशी असेल बिचारा. भाच्यानं गावाहून युरिया आणून ठेवला होता, तो चांगला मूठभर घातला. चार दिवसांत ही अशी दशा. पोटभर खायला घातलं आणि मेला!"

काकूंच्या त्या शेवटच्या वाक्यात आपल्यापैकी बहुतेकांची समजूत आली. खत म्हणजे झाडाचं अन्न, माती म्हणजे ताट आणि मुळं म्हणजे तोंड. यात काकूंचा काही दोष नाही. थेट अ‍ॅरिस्टॉटलपासून मोठमोठ्या विद्वानांनाही हेच वाटत होतं. झाड मातीत उभं असतं, मातीतून उपटलं की मरतं. तेव्हा ते मातीच खात असणार, हे सरळच दिसतं. पण सरळ दिसणारी गोष्ट एकदा तराजूत घालून बघावी, असं एका माणसाला वाटलं आणि तिथून ही सगळी कथा सुरू झाली.

त्या माणसाचं नाव यान बाप्टिस्ट व्हान हेलमाँट. आजच्या बेल्जियममधला हा वैद्य. त्यानं एका मोठ्या कुंडीत भट्टीत वाळवलेली २०० पौंड माती भरली आणि तिच्यात विलोचं ५ पौंड वजनाचं रोप लावलं. कुंडीवर भोकं पाडलेलं पत्र्याचं झाकण बसवलं, म्हणजे धूळ आत पडायला नको. पाच वर्षं त्यानं पावसाच्या किंवा शुद्ध केलेल्या पाण्याशिवाय त्या झाडाला काहीही दिलं नाही. पाच वर्षांनी झाड उपटून तोललं, तर ते भरलं १६९ पौंडांच्या वर. मग त्यानं माती पुन्हा वाळवली आणि तोलली. किती कमी झाली असेल? फक्त दोन औंसांच्या आसपास. आपल्या हिशेबात सांगायचं, तर झाड चौऱ्याहत्तर-पंचाहत्तर किलोंनी वाढलं आणि माती घटली जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम.

झाड माती खात असतं, तर कुंडीत मोठा खड्डा पडायला हवा होता. तो पडला नाही. मग हे पाऊण क्विंटल लाकूड आलं कुठून? व्हान हेलमाँट म्हणाला, मी पाण्याशिवाय काहीच घातलं नाही, तेव्हा हे सगळं लाकूड पाण्याचंच झालं आहे. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हा प्रयोग छापून आला.

त्याचं उत्तर अर्धवट होतं, आणि गंमत अशी की उरलेलं अर्धं उत्तर त्याच्या स्वतःच्या हातात होतं. 'गॅस' हा शब्द जगाला दिला तो याच माणसानं. त्यानं लिहून ठेवलं आहे की ६२ पौंड कोळसा जाळला, तर राख उरते १ पौंड. बाकीचे ६१ पौंड अदृश्य वायू होऊन निघून जातात. लाकूड जळताना वायू होऊन हवेत जातं, हे त्याला ठाऊक होतं. पण मग ते हवेतूनच आलं असेल का, हा उलटा प्रश्न त्याच्या मनात आला नाही.

श्रोतेहो, हा प्रयोग आपल्या आया-आज्यांनी रोज केलेला आहे. चुलीत दिवसभर किती लाकडं जळायची आणि संध्याकाळी राख निघायची ती किती? वाळलेलं लाकूड शंभर किलो जाळलं, तरी राख एक-दोन किलोंच्या घरात. ती राख म्हणजे झाडानं मातीतून घेतलेले क्षार. मातीतून घेतलेलं थोडं नत्र धुरावाटे निघून जातं, ते यात धरायला हवं. पण बाकीचं सगळं, ज्याला आपण ओंडका म्हणून खांद्यावर वाहून आणतो ते, हवेतून आणि पाण्यातून आलेलं असतं आणि जळलं की पुन्हा हवेत जातं.

हे कळायला पुढं दीडशे वर्षं लागली. १७७१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टलेनं बंद काचपात्रात मेणबत्ती विझेपर्यंत जळू दिली. त्या 'खराब' हवेत पुदिन्याची डहाळी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा पेटली. झाड हवा शुद्ध करतं, हे कळलं. पण हा प्रयोग कधी साधायचा, कधी फसायचा. का फसायचा, ते यान इंगेनहाउस या डच वैद्यानं १७७९ साली दाखवलं. पाण्यात बुडवलेल्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात, अंधारात येत नाहीत. आणि हे काम झाडाचे फक्त हिरवे भाग करतात. म्हणजे नुसतं झाड पुरत नाही, ऊन पाहिजे. १७८२ साली जिनिव्हाच्या सेनेबियेनं सांगितलं, की या कामासाठी हवेतला कार्बन डायऑक्साइडही लागतो. १८०४ साली त्याच गावच्या द सोस्यूरनं काटेकोर वजनं करून दाखवलं, की झाडाच्या वाढीत या वायूबरोबर पाण्याचाही वाटा असतो. म्हणजे बिचारा व्हान हेलमाँट अगदीच चुकला नव्हता.

आता पानाच्या आत काय चालतं ते पाहू. पानाच्या पाठीला, साध्या डोळ्यांना न दिसणारी बारीक तोंडं असतात. त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये अशी शंभर-दोनशे रंध्रं असणं अगदी नेहमीचं. त्यातून हवा आत शिरते. मुळांनी ओढलेलं पाणी शिरांमधून येतं. पानातलं हरितद्रव्य उन्हातली ऊर्जा टिपतं. त्या ऊर्जेनं पाण्याचे रेणू फोडले जातात. त्यातला प्राणवायू बाहेर सोडला जातो आणि उरलेला हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडला जोडून साखर तयार होते. आपण श्वासात घेतो तो प्राणवायू कार्बन डायऑक्साइडमधून निघत असावा, असं पुष्कळ काळ वाटत होतं. तो पाण्यातून येतो, हे १९४१ साली कॅलिफोर्नियात रूबेन, केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जड प्राणवायूची खूण वापरून पक्कं केलं.

या साखरेतून झाड पुढं सगळं घडवतं. साखरेचे रेणू एकमेकांना एका प्रकारे जोडले की पिष्ट होतं, म्हणजे आपल्या भाताचं, बटाट्याचं सत्त्व. निराळ्या प्रकारे जोडले की लाकडाचा आणि कापसाचा तंतू होतो. शेंगदाण्यातलं तेल आणि मोगऱ्याचा वास यांचीही सुरुवात त्याच साखरेतून. तेव्हा झाडाला अन्न कोणी वाढत नाही. ते स्वतःच स्वयंपाक करतं आणि स्वतःच जेवतं. चूल पानात आहे, सरपण सूर्याचं आहे आणि शिधा मुख्यतः हवेचा आहे.

मुलांना हे घरी किंवा शाळेत दाखवता येतं. पांढरी-हिरवी नक्षी असलेला मनीप्लँट घ्यावा. तो तीन दिवस अंधारात ठेवून मग सहा तास उन्हात ठेवावा. त्याचं एक पान पाण्यात उकळावं. मग शिक्षकांच्या देखरेखीखाली ते स्पिरिटमध्ये टाकून, ती वाटी गरम पाण्यात ठेवावी. स्पिरिट थेट ज्योतीवर कधीही तापवू नये. हिरवा रंग उतरला की पान धुऊन त्यावर आयोडीनचे थेंब टाकावेत. जिथं पान हिरवं होतं, तिथंच ते निळं-काळं होतं. जिथं पांढरं होतं, तिथं स्वयंपाकच झालेला नसतो.

पण या स्वयंपाकाची किंमत मोजावी लागते. हवेच्या दहा हजार भागांत कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम चार भाग. एवढ्या विरळ मालासाठी पानाला दारं उघडी ठेवावी लागतात आणि दार उघडलं की आतलं पाणी वाफ होऊन उडतं. मुळांनी ओढलेल्या शंभर थेंबांपैकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव थेंब असेच जातात. दुपारी उन्हाचा ताव वाढला आणि पाणी पुरेना, की झाड दारं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण चूल थंडावते. आपण ज्याला दुष्काळ म्हणतो, तो झाडाच्या दृष्टीनं असा उपास असतो. शिधा दाराबाहेर आहे, सरपण रगड आहे, पण दार उघडायची सोय नाही.

यावर काही वनस्पतींनी युक्त्या काढल्या. निवडुंग आणि अननस रात्री गारव्यात दारं उघडून वायू साठवून ठेवतात आणि दिवसा दारं लावून तो वापरतात. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांची युक्ती वेगळी. पानाच्या आत ते हा वायू पकडून एका ठिकाणी दाट करतात, त्यामुळं दार किलकिलं ठेवूनही त्यांचं भागतं. उसातली ही रीत ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ साली उलगडली. एक किलो सुका माल तयार करायला भात-गव्हाला जेवढं पाणी लागतं, त्याच्या साधारण निम्म्यात ही पिकं ते काम करतात. माण-खटावच्या किंवा सोलापूरच्या कोरड्या रानात ज्वारी-बाजरी का तग धरते, त्याचं एक कारण हे. मग ऊस एवढं पाणी का पितो, असं कोणी विचारेल. थेंबाच्या हिशेबात ऊस काटकसरीच आहे. पण तो शेतात वर्षभर, आडसाली असेल तर दीड वर्ष उभा असतो आणि एकरी ढीगभर माल करतो. काटकसरी माणसाचं कुटुंब मोठं असलं, की खर्च व्हायचाच.

मग मातीचं काम काय? काहीच नाही का? इथं उलट्या बाजूची चूक होऊ नये. व्हान हेलमाँटच्या मातीतून जे दोन औंस गेले, ते त्याला वजनातली चूक वाटण्याइतके किरकोळ होते. पण ते नसते, तर विलो वाढलाच नसता. झाडाला एकूण १७ मूलद्रव्यं लागतात. त्यातली कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीन हवा-पाण्यातून मिळतात. उरलेली चौदा, नत्र, स्फुरद, पालाश, लोह, जस्त वगैरे, मुळं बहुतेक मातीतून घेतात. हरितद्रव्यात नत्र आणि मॅग्नेशियम असतं. म्हणजे चूलच या क्षारांनी बांधलेली आहे. आमटीत मीठ किती असतं? चमचाभर. पण ते नसेल तर आमटी घशाखाली उतरत नाही, आणि मीठ म्हणजे काही जेवण नव्हे. खताचं नेमकं तसंच आहे.

यातलं नत्र तर फार विचित्र. हवेत ७८ टक्के नत्र आहे, झाड त्यात अक्षरशः बुडालेलं आहे, पण त्यातला कणही त्याला थेट घेता येत नाही. तूर, हरभरा, भुईमूग, मूग यांनी मात्र तोड काढली आहे. त्यांची मुळं हळूच उपटून पाहा, बारीक गाठी दिसतील. त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतलं नत्र झाडाला वापरता येईल असं करून देतात आणि मोबदल्यात झाडाकडून साखर घेतात. १८८६ साली जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्थ यांनी हे सिद्ध केलं. ज्वारीत तुरीचे तास घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला जिवाणू ठाऊक नव्हते, पण त्याचा गुण रानात दिसत होता. पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ हाबर आणि कार्ल बॉश यांनी हेच काम कारखान्यात करून दाखवलं. काकूंच्या भाच्याचा युरिया हा त्याच कारखान्याचा वंशज.

झाडाला मातीतून नक्की काय हवं असतं, हे कासच्या पठारावर फार छान दिसतं. साताऱ्याजवळच्या या पठारावर खडकावर मातीचा नुसता पापुद्रा आहे आणि त्यात नत्र फार कमी. तिथं पावसाळ्यात दवबिंदू नावाची चिमुकली वनस्पती उगवते. तिच्या पानांवरच्या केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात. त्यावर किडा बसला, की अडकतो आणि पचवला जातो. निळी-जांभळी 'सीतेची आसवं' दिसायला किती नाजूक, पण त्यांच्या ओल्या मातीतल्या बारीक पिशव्या सूक्ष्म जीव पकडत असतात. आपण यांना मांसाहारी म्हणतो. पण या वनस्पती हिरव्या आहेत, आपली साखर त्या आपणच करतात. किडा त्यांना हवा असतो तो नत्रासाठी, स्फुरदासाठी. किडा हे त्यांचं जेवण नाही, ते त्यांचं खत आहे.

बांडगुळाचीही अशीच गैरसमजातून बदनामी झाली आहे. दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला आपण बांडगूळ म्हणतो. आंब्यावरचं बांडगूळ नीट पाहा. त्याला चांगली हिरवी पानं असतात. ते आंब्याच्या फांदीतून पाणी आणि क्षार चोरतं, त्यानं फांदी वाळतेही. पण साखर बहुतांशी स्वतः करतं. चंदनाची मुळंही शेजारच्या झाडाच्या मुळांतून असाच वाटा उचलतात, म्हणून चंदनाच्या रोपाशेजारी तूर लावतात. खरी आयतखाऊ ती कुंपणावरची पिवळी अमरवेल. तिला पानं नाहीत, हरितद्रव्य जवळजवळ नाही. ती दुसऱ्याच्या ताटातली शिजलेली साखरच ओढते.

आता काकूंच्या मोगऱ्याकडे येऊ. मी काकूंना विचारलं, "कुंडी कुठं ठेवली होती?" "गॅलरीत. नेहमीच्या जागी. पाच-सहा वर्षं तिथंच बहरत होता." मी गॅलरीत जाऊन पाहिलं. समोर दीड वर्षापूर्वी सात मजली इमारत उभी राहिली होती. पूर्वी सकाळपासून दुपारपर्यंत येणारं ऊन आता येतच नव्हतं.

झाड दिवसा साखर करतं, पण श्वास मात्र रात्रंदिवस घेतं आणि त्यात साखर खर्च होते. मिळकत खर्चापेक्षा जास्त असेल, तर नवी पानं, फुलं येतात. सावलीत मोगऱ्याची मिळकत घटली होती आणि खर्च चालूच होता. उजेड शोधायला त्यानं फांद्या लांबवल्या, त्या लुकड्या झाल्या. फुलांसाठी शिल्लक उरली नाही. मोगरा उपाशी आहे, हे काकूंचं निदान अगदी बरोबर होतं. तो उपाशी होता उन्हासाठी.

आणि त्यात पडला मूठभर युरिया. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं, की फोडींना पाणी सुटतं. बाहेरचं द्रावण दाट झालं, की आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. कुंडीतल्या मुळांचं तेच झालं. शिवाय युरियाचा मातीत अमोनिया होतो, तो कोवळ्या मुळांना पोळतो. वरून पाणी घातलेलं असूनही मोगरा तहानेनं गेला.

हे सगळं ऐकून काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे भुकेल्या लेकराला मी मीठ चारलं म्हणायचं!" इतक्या वर्षांच्या शिकवण्यात मला हे इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं.

ही चूक कुंडीपुरती असती, तर मी आपला वेळ घेतला नसता. पीक पिवळं दिसलं की युरिया, शेजाऱ्यानं एक पोतं टाकलं की आपली दोन, असं आपण शेतातही करतो. पिवळेपणाचं कारण लोहाची कमतरता असेल, साचलेलं पाणी असेल, दाट पेरणीमुळं पानावर पान येऊन पडलेली सावली असेल. माती तपासून, कमी काय आहे ते पाहून तेवढंच मीठ घालणं हा शहाणपणा. जास्तीचा युरिया पिकाच्या पोटात जात नाही. तो विहिरीच्या पाण्यात उतरतो, हवेत उडतो, आणि त्याचे पैसे आपल्या खिशातून गेलेले असतात.

उलट बाजूनं, शेतातून धान्य आणि ऊस निघतो, तेव्हा त्याच्याबरोबर ते दोन औंसही निघून जातात. हवेचा शिधा रोज नव्यानं मिळतो, मातीचा मिळत नाही. म्हणून पाचट जाळायचं नसतं. जाळलं, की त्यातलं नत्र धुरात जातं. सरीत कुजू दिलं, तर ते मातीला परत मिळतं, आणि ओलही टिकते.

हल्ली एक युक्तिवाद ऐकू येतो. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो आहे, म्हणजे झाडांची चंगळच नाही का? हवाई बेटावर १९५८ साली मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आता ४२० च्या पुढं गेला आहे. शिधा वाढला, हे खरं. पण अशा वाढीव वायूत उगवलेल्या गहू-तांदळात प्रथिनं, जस्त आणि लोह कमी भरतं, असं शेतात केलेल्या प्रयोगांत आढळलं आहे. पोतं भरतं, पण कस उतरतो. आणि उष्णता वाढली, पाऊस हुकला, की दारं मिटलेलीच राहणार. मग दाराबाहेर शिधा कितीही असो.

काकूंनी पुढच्या पावसाळ्यात मोगऱ्याचं नवं रोप आणलं. या वेळी कुंडी गच्चीवर, उन्हात. खत म्हणून दोन महिन्यांतून एकदा दोन मुठी शेणखत, बस्स. चैत्रात एका सकाळी त्यांनी आमच्या दारात वाटीभर फुलं आणून ठेवली. म्हणाल्या, "घ्या सर. हवेची फुलं आहेत."